डूलाली : देवळालीहून इंग्रजीत गेलेला शब्द

शब्दवेडी

ब्रिटिश इंग्रजीत ‘डूलाली’ असं एक विशेषण आहे. ‘गो डूलाली’ म्हणजे डोक्यावर परिणाम होणं, भ्रमिष्टासारखं वागायला लागणं. उच्चारताना जोर मधल्या ‘ला’वर. माणसाबद्दल म्हणतातच, पण मनाला येईल तसं चालणाऱ्या घड्याळाबद्दल किंवा संगणकाबद्दलही म्हणतात. हा खास ब्रिटनचा शब्द आहे, अमेरिकन बोलण्यात तो क्वचितच भेटतो.

उगम आहे आपल्या नाशिकजवळची देवळाली. राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा नव्हे. मुंबईहून येताना नाशिक रोडच्या अलीकडे लागतो तो देवळाली कॅम्प. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा जोडीचा होता. त्यातला टॅप म्हणजे नळ नाही. शब्दकोशांच्या मते तो हिंदुस्तानीतला ‘तप’, म्हणजेच ताप. तर अर्थ झाला देवळालीचा ताप. फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी १९२५ मध्ये ब्रिटिश शिपाई आणि खलाशांच्या बोलीचा कोश काढला, त्यात तो नोंदलेला आहे. शिपायांच्या तोंडी मात्र त्याच्या बऱ्याच आधीपासून होता.

आता हा ताप कसला, यासाठी हा धागा.

देवळालीची छावणी १८६१ सालची. १८५७ नंतर कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं आणि हिंदुस्थानात गोऱ्या फौजेचं प्रमाण वाढवलं गेलं. ही फौज मुंबई बंदरात उतरायची, घाट चढून देवळालीला यायची आणि तिथून जिकडे नेमणूक असेल तिकडे रवाना व्हायची. परतीचा रस्ताही तोच. १८७० च्या कायद्याने शिपायाची भरती बारा वर्षांसाठी, पण त्यातली पहिली सहा वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली घरी राखीव दलात, अशी सोय झाली. त्यामुळे दरवर्षी हजारो शिपायांची मुदत संपायची. अशांना ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणत. त्यांनी देवळालीला यायचं आणि जहाजाची वाट पाहायची.

जहाजं बारमाही नव्हती. पलटणी नेण्या-आणण्याचा हंगाम साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंत असे. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा सोसवत नाही, पुढे पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. ज्याची मुदत हंगाम संपता संपता भरली आणि शेवटचं जहाज हुकलं, त्याने पुढच्या हंगामापर्यंत देवळालीतच बसायचं.

फ्रँक रिचर्ड्स हा वेल्सच्या पलटणीतला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ मध्ये आपल्या शिपाईगिरीच्या आठवणी छापल्या. त्यात देवळालीचं वर्णन आहे. मुदत संपलेल्यांकडे हत्यार नाही, साजसरंजाम नाही. मधूनमधून कपड्यालत्त्यांची तपासणी, कधीतरी लांबची चाल, बाकी दिवस मोकळा. वेळ खायला उठायचा. सगळी नोकरी डाग न लागता केलेली माणसं इथे भांडणतंटे करून तुरुंगात जायची, काही गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडायची. ‘याला देवळालीचा ताप चढलाय’ हे बोलणं त्या छावणीच्या कंटाळ्यातूनच निघालं असावं, असं त्याचं मत. हा माणूस तिथे राहून गेलेला आहे, म्हणून मला त्याच्या मताची किंमत जास्त वाटते.

इंटरनेटवर एक गोष्ट सर्रास फिरते की देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं आणि त्यावरून शब्द आला. मला ते पटत नाही. छावणीत लष्करी इस्पितळ होतं आणि तिथे सगळ्याच प्रकारचे रोगी येत असणार. पण डोक्यावर परिणाम झालेल्या गोऱ्या शिपायाला शेवटी मायदेशी पाठवत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली इथे लष्कराचं प्रचंड इस्पितळ होतं, तिथे १८७० मध्ये खास मनोरुग्ण शिपायांसाठी ‘डी ब्लॉक’ बांधला होता. म्हणजे वेडाचा उपचार नेटलीला. देवळालीच्या वाट्याला आलं ते वाट पाहणं.

या विषयावर कुणाकडे आणखी काही असेल तर जरूर लिहा. देवळालीच्या लोकांनी तर लिहायलाच हवं.

दारणाकाठ

मी देवळालीचा. आमच्या तीन पिढ्या कॅम्पात गेल्या, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

हा शब्द मला पहिल्यांदा कळला तेव्हा वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. कारण देवळालीची सगळी ख्याती तिच्या हवेची आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, कोरडी हवा, संध्याकाळी वारा सुटतो. क्षयावर औषधं नव्हती त्या काळात मुंबईचे डॉक्टर रोग्यांना हवापालटासाठी इकडे पाठवत. पारशी आणि गुजराती मंडळींनी सॅनिटोरियमं बांधली ती त्याचसाठी. आजही लॅम रोडने चालत गेलात तर ती दिसतात. पुढे रुंद व्हरांडा, उंच छत, खाली शहाबादी फरशी आणि आवारात कडुलिंबाची जुनी झाडं. बार्न्स शाळा १९२५ मध्ये भायखळ्याहून इथे हलवली, त्यातही मोकळ्या हवेचा विचार होताच.

अशा गावाचं नाव वेडाला द्यायचं? मुंबईत दोन दिवस राहून आलो की कॅम्प स्टेशनवर उतरताच श्वास मोकळा होतो, हा माझा नेहमीचा अनुभव. एप्रिल-मेमध्ये ऊन असतं हे खरं. पण ते मुलतानला, अलाहाबादला किती तरी जास्त होतं आणि तिथेही गोऱ्या पलटणी होत्याच.

तेव्हा ‘देवळालीच्या उन्हाने डोकं फिरायचं’ असं जे इंग्रजी संकेतस्थळांवर लिहितात, ते मी तरी मान्य करणार नाही.

शब्दवेडी

दारणाकाठ, उन्हाचं कारण मलाही मान्य नाही, आणि तुमचा मुद्दा माझ्या म्हणण्याला बळच देतो. तिथली हवा चांगली होती म्हणूनच तर छावणीसाठी जागा निवडली. मुंबईत बोटीवरून उतरलेली माणसं कुलाब्याच्या दमट हवेत कोंडून ठेवली की पटकी आणि हिवताप गाठायचे. घाटावर नेणं हा त्यावरचा उपाय. तेव्हा दोष हवेचा नाही, जहाजांच्या वेळापत्रकाचा आहे.

रेल्वेप्रेमी_ठाणे

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो.

१८६१ मध्ये छावणी झाली तेव्हा थळ घाटातली रेल्वे पुरी व्हायची होती. कसारा ते इगतपुरी हा चढ १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. त्याआधी पलटणींना घाट पायी चढावा लागे, सामान बैलगाड्यांवर. घाट खुला झाल्यावर मुंबई ते देवळाली हा साधारण १८० किलोमीटरचा प्रवास सलग गाडीने होऊ लागला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या दृष्टीने लष्कराची ने-आण हे मोठं काम होतं.

पुढे समुद्राचं. १८६० च्या दशकात ब्रिटिश सरकारने फक्त हिंदुस्थानच्या पलटणींसाठी पाच जहाजं बांधली : क्रोकोडाइल, सेरापिस, युफ्रेटिस, जमना आणि मलबार. पाचही पांढऱ्या रंगाची. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, तोपर्यंत पहिली दोन इंग्लंड ते अलेक्झांड्रिया अशी चालत, मधला टप्पा रेल्वेने, आणि उरलेली तीन सुएझ ते मुंबई. कालवा झाल्यावर पोर्ट्स्मथहून थेट मुंबई.

म्हणजे जाणं-येणं केवढं सोपं झालं बघा. पण हंगाम तोच राहिला! वाफेवर चालणारं जहाज वाऱ्याची वाट पाहत नाही, तरी सुद्धा. कारण आत कोंबलेली माणसं. खालच्या मजल्यावर शिपाई, त्यांच्या बायका-मुलं, वर आजारी माणसं. वैशाख-ज्येष्ठात तांबड्या समुद्रात वारा पाठीवर आला की जहाजात झुळूक म्हणून लागत नाही आणि उष्माघाताने माणसं मरतात. त्यामुळे उन्हाळ्याचे महिने टाळले जात, आणि मुदत संपलेला शिपाई देवळालीत बसून राही.

किपलिंगची याच विषयावर एक कविता आहे. तीत मलबार आणि जमना बंदरात उभ्या आहेत आणि मुदत संपलेला शिपाई निघण्याच्या हुकमाची वाट पाहतो आहे. मुंबईत जन्मलेल्या त्या कवीला हे हंगामाचं गणित बरोबर ठाऊक होतं.

फारसीचा विद्यार्थी

‘टॅप’बद्दल लिहितो, कारण त्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

फारसीत तापाला ‘तब’ म्हणतात. उर्दूत ‘तप’ आणि ‘तब’ दोन्ही चालतात. संस्कृतमध्ये ‘तप्’ धातू, त्यापासून आपला ताप. ही उसनवारी नाही, फारसी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी, मूळ एकच. लॅटिनमध्येही तीच धातू आहे. कोमट या अर्थाचा इंग्रजी ‘टेपिड’ तिथून आला. म्हणजे डूलाली टॅप म्हणणाऱ्या गोऱ्याच्या भाषेत त्याच धातूतून निघालेला एक शब्द आधीपासूनच होता.

मला अडचण आहे ती उच्चाराची. छावणीच्या इंग्रजीत आपला ऱ्हस्व ‘अ’ साधारण ‘अ’च राहतो. पक्काचं ‘पक्का’ झालं, दमदमचं ‘डमडम’. त्या हिशेबाने ‘तप’चं ‘टप’ व्हायला हवं होतं. दीर्घ ‘आ’ दीर्घच राहतो. चहा या अर्थाच्या ‘चा’चं ‘चार’ झालं, खाकीची ‘खाकी’. त्या हिशेबाने मराठी ‘ताप’चं ‘टाप’ व्हायला हवं. ‘टॅप’ यातल्या कशातूनच सरळ निघत नाही.

मला वाटतं, इथे ऐकणाऱ्याच्या भाषेने हात दिला आहे. इंग्रजीत टॅप म्हणजे हलकी थाप किंवा टिचकी. डोक्याला कसला तरी ‘स्पर्श’ झालाय म्हणजे माणूस वेडसर आहे, अशी त्यांच्याकडे बोलण्याची पद्धत आधीपासून होती. परका शब्द कानावर पडला आणि तो ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसला. गोऱ्या शिपायांनी मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश ऐकून त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं, हे प्रसिद्धच आहे. ती इंग्रजांची साधी आडनावं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिलं. देवळालीच्या नावाचंही तसंच. इंग्रजी जिभेला ळ नाही, ‘दे’ आणि ‘व’ लगोलग म्हणताना ‘डिओ’ होतं, घाईत ‘डू’ होतं.

ओवी

फार सुंदर चाललाय धागा. एक प्रश्न : ‘टॅप’ गळून नुसतं ‘डूलाली’ कधी राहिलं? आणि हा शब्द आता तिकडे शिवी समजतात का, की लाडाने म्हणतात?

शब्दवेडी

ओवी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून नुसता ‘डूलाली’ छापलेला आढळतो. हिंदुस्थानात चाकरी केलेले शिपाई म्हातारे होत गेले तसा ‘टॅप’चा अर्थ माहीत असणारं कुणी उरलं नसावं, आणि अर्थ हरवला की जोडशब्दातला तो भाग निखळतोच. सत्तरच्या दशकात बीबीसीवर देवळालीच्या छावणीत घडणारी एक विनोदी मालिका बरीच वर्षं चालली, त्यामुळे गावाचं नाव तिकडच्या एका पिढीला माहीत आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ नावाची बिअर गाळणारी कंपनी निघाली, त्यांच्या दुकानांना ‘टॅपरूम’ म्हणतात. म्हणजे जोडी परत जुळली.

शिवी की लाड, हे तिथे राहणाऱ्यांनीच सांगावं.

लेस्टरवासी

मी सांगते. माहेर नाशिक रोड, गेली बरीच वर्षं इथे परिचारिका आहे, वृद्धांच्या वॉर्डात.

शब्द रोज नसला तरी नेहमी ऐकते, आणि बहुतेक वेळा नातेवाइकांच्या तोंडून. परवाचीच गोष्ट. नव्वदीच्या आसपासची एक आजी, स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. दुपारचा चहा झाला की उठायची, पर्स काखोटीला मारायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. बस चुकेल म्हणायची. मुलगी रोज भेटायला येते. तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘आई जराशी डूलाली झालीय ना?’ डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव तिला ठाऊक होतं, कागदावर लिहिलेलंही होतं. पण ते नाव आईला लावायला तिची जीभ वळत नव्हती. हा शब्द मऊ आहे, ओळखीचा आहे, त्याने आई आईच राहते. मी तिला हो म्हटलं आणि खुर्ची दाराजवळ सरकवून दिली, म्हणजे आजीला उभं राहावं लागणार नाही.

तेव्हा ओवी, माझ्या अनुभवात तो शिवी नाही. कामावर, रोग्याच्या नोंदीत मात्र आम्ही असले शब्द कधीच लिहीत नाही, आणि तरुण सहकारी एकमेकांत सहज वापरतात तेव्हा मी टोकते. आजारी माणसासाठी तो फक्त त्याच्या घरच्यांनी वापरावा.

मी नाशिकची आहे आणि तो शब्द माझ्या माहेराजवळच्या गावाचा आहे, हे त्या मुलीला सांगितलं. तिचे आजोबा लष्करात होते, हिंदुस्थानात होते, एवढंच तिला माहीत होतं. गाव कुठलं ते नाही.

माजी तोफची

लेस्टरवासी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझं प्रशिक्षण देवळालीच्या तोफखाना शाळेत झालं. १९४७ नंतर छावणी आपल्या लष्कराकडे आली आणि देवळाली म्हणजे तोफखाना हे समीकरण पक्कं झालं. रेंजवर फायरिंग असलं की गावातल्या खिडक्या थरथरतात, दारणाकाठ यांना सवय असेलच.

मला या विषयात लष्करी माणूस म्हणून एक सांगायचं आहे. रिकामा बसलेला जवान ही कुठल्याही सुभेदारासाठी सर्वांत मोठी काळजी. म्हणून पहाटे पीटी, मग परेड, मग फटीक (छावणीतली अंगमेहनतीची कामं), संध्याकाळी खेळ, रात्री रोलकॉल. गवत कापायला लावतील, दगडांना चुना लावायला लावतील, पण बसू देणार नाहीत. बाहेरच्यांना हे निरर्थक वाटतं. ते मुद्दाम आखलेलं असतं. आता त्या गोऱ्या शिपायाची स्थिती बघा. त्याची बंदूक काढून घेतली. त्याची पलटण मागे राहिली, म्हणजे ज्याला तो ओळखतो असा हवालदार नाही, कंपनी नाही, दोस्त नाहीत. वेगवेगळ्या पलटणींतली अनोळखी माणसं एका बॅरेकीत. हातात साठलेला पगार. घरी जायची तारीख माहीत नाही. यातली एक गोष्ट सुद्धा माणूस बिघडवायला पुरते, इथे सगळ्या एकदम. रिचर्ड्सने हत्यार नव्हतं हे आधी सांगितलं आहे, ते उगीच नाही. शिपायाला आपण शिपाई आहोत हे त्याच्या हत्यारामुळे कळतं.

त्यांच्या बोलीतले आणखी दोन शब्द इथे शोभतील. आपल्या रोटीला ते ‘रूटी’ म्हणत. दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला ‘रूटी गाँग’, म्हणजे इतकी वर्षं सरकारी रोटी खाल्ल्याचं पदक. आणि मायदेशाला ‘ब्लायटी’. हा आपला ‘विलायती’, उत्तरेत ‘बिलायती’. पहिल्या महायुद्धात हा शब्द फ्रान्सच्या खंदकांत पोचला. जीवावर बेतणार नाही पण घरी पाठवतील इतपत जखम झाली तर तिला ‘ब्लायटी वन’ म्हणत. ब्लायटीला जायचं आहे, जहाज नाही, म्हणून डूलाली. दोन्ही शब्द एकाच माणसाचे आहेत.

नांदूरमध्यमेश्वर

तोफची साहेब, याला जोडून एक इतिहास आठवला. १९४६ च्या जानेवारीत ब्रिटिश वायुदलाच्या गोऱ्या शिपायांनी संप केला होता. सुरुवात कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर, मग हिंदुस्थानात आणि बाहेर बऱ्याच तळांवर पसरला. कारण काय? महायुद्ध संपलं, तरी घरी पाठवत नाहीत. जहाजं कमी आहेत असं सरकार म्हणे. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलातल्या आपल्या खलाशांचं बंड झालं. ते आपल्याला पाठ असतं, पण महिनाभर आधी गोऱ्यांनीच काम थांबवलं होतं हे फारसं कुणी सांगत नाही.

१८७० च्या दशकातला शिपाई एकटा होता, कमी शिकलेला होता, त्याचा राग दारूत आणि मारामारीत जिरला. १९४६ मधल्याने सभा घेतल्या, ठराव केले. वाट पाहणं तेच, पण दुसऱ्याला कुणी डूलाली म्हणालं नाही.

दारणाकाठ

हा मुद्दा आवडला, आणि तोफची साहेबांचाही. आता हवेवर कुणी बोट ठेवत नाही म्हटल्यावर मी मोकळ्या मनाने लिहितो.

छावणीची दुसरी बाजू इथे अजून आली नाही. इतकी माणसं ठेवायची म्हणजे धोबी, भिस्ती, खानसामे, चहावाले, न्हावी, शिंपी, भंगी हे सगळे लागत. भगूर, देवळाली गाव, विहितगाव, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतून माणसं कामाला येत, शिवाय उत्तरेकडून पलटणींबरोबर आलेली कुटुंबं इथेच स्थिरावली. कॅम्पाच्या बाजारात अजूनही मराठी, हिंदी, गुजराती आणि सिंधी एकाच दुकानात ऐकू येते. माझ्या आजोबांचे वडील गोऱ्यांच्या बॅरेकींत दूध घालत. घरात त्यांची एकच गोष्ट चालत आली आहे. गोरे शिपाई पैसे चुकवायचे नाहीत, पण तेच तेच पुन्हा विचारायचे : आज मुंबईहून गाडी आली का, कुणी बोटीची बातमी आणली का. दूधवाल्याला बोटीची बातमी कुठून असणार? तरी विचारायचे.

मग मला असं वाटतं की ‘टॅप’ हा शब्द त्यांना अशाच कुणाकडून मिळाला असेल. आमचा धोबी किंवा दूधवाला ‘तप’ म्हणणार नाही, ‘ताप’च म्हणेल.

फारसीचा विद्यार्थी

दारणाकाठ, शक्य आहे, नाही म्हणवत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. गोरा शिपाई देवळालीला शेवटी यायचा. त्याआधीची वर्षं त्याने रावळपिंडी, मीरत, लखनौ अशा ठिकाणी काढलेली, त्याचं मोडकंतोडकं हिंदुस्तानी तिथल्या लष्करी बाजारात तयार झालेलं. तापाला काय म्हणायचं हे तो देवळालीला पोचायच्या आधीच शिकलेला होता, कारण हिवताप त्याला आधीच गाठून गेलेला असे. दुसरं, हा शब्दप्रयोग देवळालीत टिकण्यापेक्षा देशभरच्या छावण्यांत टिकला. मीरतमधल्या शिपायाने दुसऱ्याला ‘तुला देवळाली चढली’ म्हणावं आणि त्याला ते कळावं, यासाठी सगळ्यांना समजणारा शब्दच लागतो.

गावाचं नाव मराठी, आजाराचं नाव हिंदुस्तानी, आणि वर इंग्रजी ‘टिचकी’चा साज. मी तरी याहून पुढे जाणार नाही.

ओवी

उत्तरांसाठी सगळ्यांचे आभार. अजून एक विचारते. या शिपायांपैकी जे देवळालीतच गेले, त्यांचं काय? कबरी आहेत का?

माजी तोफची

ओवी, सगळ्यांचं एकत्र सांगता येणार नाही, पण पहिल्या महायुद्धातल्यांचं सांगतो. त्या युद्धात देवळाली मोठं इस्पितळाचं गाव झालं होतं. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून, म्हणजे आजच्या इराकमधून, आजारी आणि जखमी मुंबईला उतरत आणि त्यातले कितीतरी इथे येत. वेल्सहून आलेलं ३४ नंबरचं जनरल हॉस्पिटल इथे होतं, ऑस्ट्रेलियाच्या परिचारिकाही इथे काम करून गेल्या. जे वाचले नाहीत त्यांना इथल्या सरकारी दफनभूमीत पुरलं. हिंदुस्थानभर विखुरलेल्या अशा ज्या कबरींची निगा राखणं शक्य नव्हतं, त्यांची नावं पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीतल्या स्मारकावर कोरली आहेत. पहिल्या महायुद्धातली अठराशेहून जास्त नावं आहेत, देवळालीत पुरलेलेही त्यात येतात. जागा उत्तम राखलेली आहे, जाऊन बघता येते.

आणि शब्दांचा धागा आहे म्हणून आणखी एक. ब्रिटनमध्ये तुरुंगाला बोलीत ‘चोकी’ म्हणतात. तो आपला ‘चौकी’. देवळालीच्या छावणीत लष्करी तुरुंगही होता. सहा-सात वर्षं शिक्षा न होता काढलेला माणूस शेवटच्या चार महिन्यांत दारू पिऊन कुणावर तरी हात टाकायचा आणि चोकीत जायचा. तोपर्यंत हंगाम सुरू होऊन पहिली जहाजं निघून गेलेली असत. शिक्षा भोगून झाली की त्याचं नाव पुढच्या जहाजाच्या यादीत घालत.